हवेतला बांध

बीड जिल्ह्यातल्या माणसाला वारसाहक्कानं जमीन थोडी मिळते, कर्ज जरा जास्त मिळतं आणि बांधाचं भांडण मात्र अखंड मिळतं. जमिनीचे तुकडे पडतात, सातबाऱ्यावर नावं वाढत जातात, पण भांडण एकत्र कुटुंबाचंच राहतं. बांध कोरणं ही आमच्याकडची जुनी कला आहे. पेरणीआधी रानाची मशागत करताना नांगराचा, आणि आता रोटाव्हेटरचा, शेवटचा फेरा बांधाला जरा घासून घ्यायचा. वर्षाला चार बोटं. शेजाऱ्याच्या लक्षात येईपर्यंत बांधावरची बाभळ त्याच्या रानातून आपल्या रानात आलेली असते, आणि बाभळीनं तर जागा सोडलेली नसते. मग मोजणीचा अर्ज, भूमी अभिलेखचा माणूस, त्यानं रोवलेले दगड, रात्रीतून हललेले दगड आणि माजलगावच्या कोर्टातल्या तारखा.

या सगळ्याला कंटाळून, किंवा लेकरांच्या शाळेचं निमित्त करून, तालुक्यातले पुष्कळ लोक माजलगावात फ्लॅट घेऊन राहिले. शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतले, साखर कारखान्यावरचे, औषधाच्या दुकानवाले. आम्हीही त्यातलेच. फ्लॅटला बांध नसतो, ही त्यातली सगळ्यात मोठी सोय वाटली होती. चार भिंती, खाली स्लॅब, वर स्लॅब. आता कोणी कोरून कोरणार काय?

बांध आमच्या मागोमाग जिना चढून वर आला.

गॅलरीच घ्या. मंजूर नकाशात ती उघडी असते. नकाशातल्या त्या चार फुटी पट्टीवर कुणी कपडे वाळत घालत नाही, सिलिंडर ठेवत नाही, एप्रिल-मेची धूळ येत नाही आणि वानरंही येत नाहीत. खऱ्या गॅलरीत हे सगळं येतं. म्हणून पहिला माणूस ग्रील बसवतो. लेकरंबाळं आहेत, पडतील, म्हणून कुणी काही बोलत नाही. दुसरा माणूस वेल्डिंगवाल्याला सांगतो, "जरा बाहेर काढ, पेटी करून दे." ही पेटी म्हणजे भिंतीबाहेर दीड फूट लोंबणारा लोखंडी पिंजरा. त्यात तुळस बसते, कुंड्या बसतात, घरात नको असलेलं आणि टाकवतही नाही असं सगळं बसतं. तिसरा माणूस त्या पेटीला आतून सरकत्या काचा लावतो. चौथ्याला प्रश्न पडतो, की एवढं सगळं बंद झाल्यावर हॉल आणि गॅलरीच्या मधली भिंत तरी कशाला? ती तो पाडतो. हॉल चार फुटांनी वाढतो, आणि वाढलेल्या हॉलमध्ये बसून तो आलेल्या पहिल्याच पाहुण्याला म्हणतो, "आता कसं मोकळं मोकळं वाटायलंय."

रस्त्यावरून पाहिलं की प्रत्येक मजला आपापल्या मर्जीनं पुढे आलेला दिसतो. रानात चार बोटं कोरायला एक हंगाम जायचा. इथे वेल्डिंगवाला दुपारच्या जेवणाच्या आत दीड फूट कोरून मोकळा होतो. कोरली जाते ती हवा, आणि हवेची मोजणी करणारा माणूस भूमी अभिलेखच्या कार्यालयात अजून भरलेला नाही.

उन्हाळ्यात यात कूलरची भर पडते. आमच्याकडच्या उन्हात कूलर चैनीचा राहत नाही. तो खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवतात, म्हणजे त्याचं अंग सामाईक हवेत आणि तोंड खाजगी खोलीत असतं. वरच्याच्या कूलरचं पाणी खालच्याच्या वाळवणावर पडतं. कुरडयांवर पडलेल्या त्या थेंबांची नोंद कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात नाही, पण आमच्या गल्लीतल्या निम्म्या दाव्यांचं मूळ शोधत गेलं तर ते तिथेच सापडेल.

माझं या बाबतीत एक मत झालं आहे. लोक बेकायदा बांधकाम करतात असं जे म्हटलं जातं, ते खरंच आहे. पण आमच्याकडचे लोक मुळात ओसरी बांधत असतात. आमची आधीची पिढी माळवदाच्या घरात वाढली. दारातून आत शिरताना ढाळज, मग चौक, चौकाभोवती ओसरी, आणि वर तुळया-फळ्यांवर हातभर जाड पांढरी माती. त्या घरात कुठली जागा कशासाठी हे कुणी कागदावर काढलेलं नव्हतं. ओसरीवर धान्य निवडलं जाई, पाहुणा झोपे, पोरं अभ्यास करत, म्हातारं माणूस आजारी पडलं की त्याची खाटही तिथेच येई. घरात सून आली की आडोसा उभा राही, वाटणी झाली की चौकात भिंत येई. घर माणसांप्रमाणे बदलायचं आणि त्यासाठी कुणाचा ठराव लागत नसे. भाऊबंद मात्र लागत, आणि ते एखाद्या नगरपरिषदेला भारी पडत.

मग 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आली. किल्लारीच्या भूकंपात दगडामातीच्या भिंती आणि डोक्यावरचं ते जड माळवद यांच्याखाली हजारो माणसं झोपेत गेली. सारा उन्हाळा घर थंड ठेवणाऱ्या त्या मातीकडे बघायची मराठवाड्याची नजर त्या पहाटेपासून बदलली. बांधायचं तर आरसीसी, असं ज्याच्या त्याच्या तोंडी बसलं. आम्ही माळवदातून बाहेर पडलो हे बरंच झालं. पण कॉलम-बीमच्या घरात येताना ढाळज, चौक आणि ओसरी या तिन्हींना मिळून चार फुटांची गॅलरी मिळाली. त्या गॅलरीत आता पोराची बारावी, म्हाताऱ्याची खाट आणि तांदळाचं पोतं बसवायचं आहे. नकाशा पास करणाऱ्या इंजिनिअरनं हे तिन्ही कधी गृहीत धरलेलं नसतं.

हे दुखणं जुनं आहे, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. कौटिल्यानं अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घर, शेत, तळं या सगळ्यांच्या वादांना मिळून जागा दिली आहे. असे वाद शेजाऱ्यांच्या साक्षीवर सोडवावेत, असं तो म्हणतो. आता वाद शेजाऱ्याशीच आणि साक्षही शेजाऱ्याचीच, यातून त्या काळी निकाल कसा लागत असेल हे त्यालाच ठाऊक. दोन घरांमध्ये अंतर किती असावं, सांडपाण्याची चर भिंतीपासून किती लांब असावी, वळचणी एकमेकींपासून किती दूर हव्यात, उजेडाची खिडकी कुठे असावी, हे सगळं त्यानं मापं देऊन सांगितलं आहे आणि मोडलं तर दंड. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बाळंतिणीसाठी दिलेली सूट. बाळंतिणीच्या सोयीसाठी केलेल्या तात्पुरत्या व्यवस्थेला दहा दिवस हे नियम लागू नाहीत. इतका कडक माणूस, पण बाळंतीण म्हटल्यावर विरघळला. त्याला एवढंच कळलं नव्हतं, की गच्चीवरचं तात्पुरतं पत्र्याचं शेड एकदा उभं राहिलं की बाळंतीण उठते, बाळ शाळेत जातं, बाळाचं लग्न होतं आणि वऱ्हाड त्याच शेडमध्ये जेवतं.

सामाईक मालकीचा जुना दस्त तर आमच्या तालुक्यातच निघालेला आहे. गोदावरीकाठचं पुरुषोत्तमपुरी, अधिक महिन्यात जिथे भाविकांची रीघ लागते, तिथे यादव राजा रामचंद्राचा शके 1232, म्हणजे इ. स. 1310 चा ताम्रपट सापडला. राजाच्या मंत्र्यानं तिथे अग्रहार वसवून दिल्याची ती नोंद आहे. एक दान, घेणारे अनेक. तांब्यावर कोरून ठेवण्यात एक शहाणपण आहे. कागदावरच्या घोषणापत्राला वाळवी लागते, ते हरवतं, बिल्डरच्या कपाटात अडकून राहतं. तांब्याचा पत्रा मातीखाली गेला तरी आपलं म्हणणं सोडत नाही. आमच्या इमारतीचं घोषणापत्र कुणाकडे आहे हा प्रश्न काढला, की सगळे एकमेकांकडे आदरानं बघतात.

हे घोषणापत्र म्हणजे 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्यातला कागद. तालुक्याच्या गावांत गृहनिर्माण संस्था काढण्यापेक्षा हा मार्ग बिल्डरांना सुटसुटीत वाटतो. त्यात लिहिलेलं असतं की फ्लॅट तुमचा, आणि जमीन, जिना, गच्ची, पाण्याचा हौद यांत तुमचा अमुक टक्के अविभक्त हिस्सा. अविभक्त या शब्दापाशी आमचा माणूस थबकतो. वाटणी झालेली नाही म्हणजे भांडण शिल्लक आहे, एवढं त्याला अनुभवानं माहीत असतं. जिन्याच्या कुठल्या पायऱ्या आपल्या टक्क्यात येतात असं एकानं खरंच विचारलं होतं. त्याला त्याच पायऱ्या झाडायच्या होत्या.

त्याच कायद्यात असंही आहे, की इमारतीच्या मजबुतीला धोका येईल असं काम कुणी करू नये, आणि बाकी सगळ्या मालकांची एकमतानं संमती घेतल्याशिवाय कुणी मोठं वाढीव बांधकाम करू नये. एकमतानं! आमच्याकडे एकमत होतं ते बिनविरोध ग्रामपंचायतीत, आणि तेही आदल्या रात्री काय काय ठरलं हे कुणी विचारायचं नाही अशा अटीवर. गृहनिर्माण संस्था असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे समितीची लेखी परवानगी लागते. बिल्डरनंच नकाशा फिरवायचा म्हटलं तर 1963 चा मोफा कायदा फ्लॅटधारकांची संमती मागतो. 2016 च्या रेरा कायद्यानं दोन-तृतीयांश खरेदीदारांच्या लेखी संमतीची अट घातली, पण पाचशे चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट किंवा आठपर्यंत फ्लॅट असतील तर रेराच्या नोंदणीतून सूट आहे. आमच्याकडच्या पुष्कळ इमारती नेमक्या आठ फ्लॅटच्या का असतात, याचा ज्यानं त्यानं विचार करावा.

खरेदीच्या करारात मात्र एक बारीक अक्षरातलं कलम असतं: पुढे होणाऱ्या सर्व फेरबदलांना मी आत्ताच संमती देत आहे. अशी आंधळी, सरसकट घेतलेली संमती चालत नाही, नेमकं काय बदलणार हे सांगून घेतलेली संमतीच खरी, असं मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलेलं आहे. हे वाचून मला लग्नात अक्षता टाकणारे लोक आठवले, पण तो विषय वेगळा.

आता आमच्या इमारतीतला तो प्रसिद्ध खटला सांगायला हरकत नाही. माणसं अजून एकाच जिन्यानं ये-जा करतात म्हणून नावं सांगत नाही.

वरच्या मजल्यावर बप्पा राहतात. ऊस बागायतदार माणूस, मोठ्या आवाजाचा, मनानं मऊ. त्यांच्या मुलीचं लग्न जमेना. पाहुणे यायचे, पोहे खायचे, कळवतो म्हणायचे. कुणीतरी वास्तूवाला आणला. त्यानं होकायंत्र फिरवलं आणि संडास ईशान्येला आहे असं जाहीर केलं. तो बांधल्या दिवसापासून तिथेच होता, पण दिशा सांगितल्यावर त्याचा वास यायला लागला. उपाय असा निघाला की संडास वायव्येला न्यायचा. बप्पांच्या खाली गुरुजी राहतात, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. दोन्ही घरं एकसारखी. गुरुजींच्याही ईशान्येला संडासच होता, म्हणून त्या बिचाऱ्यांनी देवघर वायव्येला नेलेलं होतं.

छिन्नी-हातोड्याचा आवाज आला तसे गुरुजी वर गेले.

"बप्पा, हे काय करायलाव?"

"काही नाही गुरुजी, जरासा नळ फिरवायलोय."

"कुठून कुठं?"

"ह्या खोलीतून त्या खोलीत."

"त्या खोलीखाली माझा विठोबा आहे."

"मधी पाच इंचाचा स्लॅब हाय की, गुरुजी."

"स्लॅब तुम्हाला आन् मला. देवाला कुठला स्लॅब?"

या प्रश्नाला बप्पांकडे उत्तर नव्हतं. माझ्या मते कुठल्याही न्यायाधीशाकडेही नसतं.

पण एवढ्यावर कोर्टाची पायरी कुणी चढत नाही. इथेच मी बरीच वर्षं इमारतींमधली भांडणं पाहून आलेलं माझं निरीक्षण नोंदवतो. वाढीव बांधकाम आणि नोटीस यांच्यात नेहमी काही काळ जातो आणि त्या काळात दुसरंच काहीतरी घडलेलं असतं. कुणाच्या वास्तुशांतीचं बोलावणं राहिलेलं असतं, हौदातल्या पाण्याच्या पाळीवरून शब्द गेलेला असतो, निवडणुकीत एकानं दुसऱ्याच्या पॅनलला मत दिलेलं नसतं. ज्या पेटी-ग्रीलकडे दहा वर्षं कुणी मान वर करून बघितलं नव्हतं, ती त्या दिवसापासून अनधिकृत दिसू लागते. इथे असं झालं, की बप्पांच्या घरी सत्यनारायण होता आणि प्रसाद खाली पोहोचला नाही. बप्पा म्हणतात पाठवला होता. गुरुजी म्हणतात जिन्यात पोरांनी खाल्ला असेल. दोघांचंही खरं असावं.

नोटीस स्पीड पोस्टानं आली. गुरुजींच्या दारापासून बप्पांच्या दारापर्यंत वीस पायऱ्या. ती नोटीस आधी वकिलाकडे गेली, तिथून टपाल कार्यालयात आणि तिथून पोस्टमनच्या पिशवीतून परत आमच्या जिन्यात. पोस्टमननं बप्पांचा मजला कुठला म्हणून गुरुजींनाच विचारलं. त्यांनी नीट हात करून दाखवला. आत लिहिलं होतं, की माझे अशील हे शांतताप्रिय व धार्मिक वृत्तीचे असून... उत्तरादाखल बप्पांच्या वकिलानं कळवलं, की आपल्या अशिलांनी स्वतःची गॅलरी बंद करून ती हॉलमध्ये घेतलेली असल्यानं त्यांना तक्रार करण्याचा हक्क पोहोचत नाही. न्याय मागणाऱ्याचे हात स्वच्छ असावेत, हे वकिलांचं आवडतं तत्त्व. आमच्या इमारतीत सगळ्यांच्याच हाताला सिमेंट लागलेलं होतं. तळमजल्याच्या गाळेवाल्यानं शटर दोन फूट पुढे आणलेलं, बँकेतल्या साहेबांनी डक्टमध्ये छज्जा टाकून धुण्याचं मशीन बसवलेलं, आमच्याही स्वयंपाकघराबाहेर कडप्प्याचा एक ओटा आहे आणि त्याच्याविषयी मी इथे जास्त बोलणार नाही. त्यामुळे साक्षीला कुणीच उभं राहीना. कौटिल्याची ती शेजाऱ्यांच्या साक्षीची पद्धत का बंद पडली असावी, ते मला तेव्हा समजलं.

वाद सुरू झाल्यावर काम थांबलं आणि नवीन आणलेलं संडासाचं भांडं खाली पार्किंगमध्ये येऊन बसलं. पांढरं, चकचकीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. गाळेवाल्याची खताची पोती तिथे असायची. तो म्हणाला, ही माझी जागा, बिल्डरनं मला विकलीय. बप्पा म्हणाले, कागद दाखव. कागद निघाला. शंभराच्या स्टॅम्पवर बिल्डरनं खरंच लिहून दिलेलं होतं.

या प्रश्नाचा निकाल सुप्रीम कोर्टानं 31 ऑगस्ट 2010 रोजी देऊन ठेवलेला आहे. मुंबईत दहिसरला नहालचंद लालूचंद प्रायव्हेट लिमिटेड नावाच्या बिल्डर कंपनीचं म्हणणं होतं, की इमारतीखालच्या खांबांमधल्या 25 पार्किंगच्या जागा आपल्या आहेत, त्या आपण वेगळ्या विकू शकतो. मोफा कायद्यात फ्लॅटच्या व्याख्येत गॅरेजही येतं, मग खांबांमधली जागा म्हणजे गॅरेजच, असा युक्तिवाद. न्यायमूर्ती लोढा आणि पटनायक यांनी तो मानला नाही. चारी बाजूंनी उघडी असलेली ती जागा गॅरेज नव्हे, ती सामाईक जागा, आणि सामाईक जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही. त्या सोसायटीचं नाव पांचाली. सामाईकपणाचे नियम काय असावेत यावर महाभारतानं ज्या नावाखाली सगळ्यात जास्त डोकेफोड केली, तेच नाव कायद्याच्या पुस्तकात या प्रश्नावर कायमचं बसावं! बारसं करणाऱ्याला हे सुचलं असणं शक्य नाही.

हा निकाल बँकेतल्या साहेबांनी गाळेवाल्याला मोबाइलवर दाखवला. तो म्हणाला, "हे दहिसरचं हाय. इथं माजलगाव हाय."

असा विश्वास सगळीकडे असतो. नोएडात सुपरटेकलाही तो होता. एमराल्ड कोर्ट या वसाहतीत राहणाऱ्यांना जिथे बाग दाखवली होती, तिथे एक 32 मजल्यांचा आणि दुसरा 29 मजल्यांचा असे दोन मनोरे चढायला लागले. रहिवाशांची संमती घेतलेली नव्हती. त्यांनी वर्गणी काढून 2012 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालय गाठलं, 2014 मध्ये तिथे जिंकले, आणि सुप्रीम कोर्टानं 31 ऑगस्ट 2021 रोजी, म्हणजे पांचालीच्या निकालाला बरोबर अकरा वर्षं झाली त्या दिवशी, ते पाडायला सांगितलं. 28 ऑगस्ट 2022 ला सुमारे 3,700 किलो स्फोटकं लावून दोन्ही मनोरे खाली बसवले. नऊ-दहा सेकंद लागले. आमच्या इमारतीतल्या सगळ्यांनी ते टीव्हीवर एकत्र बसून पाहिलं, गुरुजी आणि बप्पासुद्धा, आणि बेकायदा बांधकाम करणाऱ्यांना कशी अद्दल घडली म्हणून सगळ्यांना मनापासून समाधान वाटलं. बसलो होतो आम्ही चार फुटांनी वाढलेल्या एका हॉलमध्ये.

हसण्यावारी नेता येत नाही असंही यात आहे. 25 जुलै 2017 ला घाटकोपरमध्ये सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली आणि 17 माणसं गेली. तळमजल्यावर फेरबदलाचं काम चाललेलं होतं आणि त्यात खांबांना हात लावला गेला, असं तपासात पुढे आलं. वर राहणाऱ्यांनी त्या कामाला आधी हरकत घेतली होती. त्यानंतर मी आमच्या गाळेवाल्याच्या दुकानात गेलो की नकळत त्याचे खांब मोजतो. माळवदाच्या घरात भिंत पाडायची म्हटलं तर आधी जुना गवंडी येऊन तुळई कशावर टेकलीय ते हात लावून बघायचा. आता गॅलरीची भिंत पाडणारा पोरगा ड्रिल मशीन घेऊन येतो आणि ती भिंत आहे की बीमचा भाग आहे हे मशीनच्या आवाजावरून ठरवतो. गच्चीवर ज्यानं त्यानं आणून ठेवलेल्या हजार लिटरच्या टाक्यांचंही तसंच. सिंदफणेवरचं एवढं मोठं धरण गावाशेजारी आहे, पैठणच्या उजव्या कालव्याचं पाणी त्याला मिळतं, तरी ज्याला त्याला आपल्या डोक्यावर आपली स्वतंत्र टाकी हवी असते. भरलेली एक टाकी म्हणजे एक टन. स्लॅबला कुणी विचारत नाही, आणि त्याची संमती तर कुठल्याच कायद्यात लागत नाही.

नगरपरिषदेकडे तक्रार केली तर नगररचना कायद्याखाली नोटीस निघू शकते, हे सगळ्यांना माहीत आहे. बेकायदा बांधकामाला घरपट्टीच्या दुप्पटीपर्यंत शास्ती लावायची तरतूदही आहे. पिंपरी-चिंचवडकडे या शास्तीवर निवडणुकीच्या सभा गाजल्या. शास्ती भरली तरी बांधकाम कायदेशीर होत नाही, फक्त महाग होतं. आमच्याकडे अजून कुणी ती पायरी चढलेलं नाही, कारण अधिकारी एकदा जिन्यात आला की तो कुठल्या मजल्यावर थांबेल याची खात्री कुणालाच नाही.

बप्पांच्या मुलीचं लग्न दरम्यानच्या काळात जमलं, ईशान्येच्या संडासासकट. नवरा मुलगा छत्रपती संभाजीनगरला नोकरीला आहे आणि फ्लॅटमध्ये राहतो. ते भांडं बप्पांनी शेतातल्या घराला बसवलं. गुरुजींनी नोटिशीनंतर घातलेल्या दाव्याच्या पहिल्या तारखेला त्यांचा वकील आलाच नाही, दुसऱ्या तारखेला दोघंही एकाच जीपनं कोर्टात गेले आणि दावा काढून घेऊन आले. मुलीच्या लग्नात जेवणावळीची देखरेख गुरुजींकडे होती. प्रसादाची भरपाई झाली असावी.

आता शांतता आहे असं वाटत होतं, तेवढ्यात सूर्य आला. फेब्रुवारी 2024 मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली. घरावर तीन किलोवॉटचं सौर पॅनेल बसवलं तर 78 हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. बँकेतल्या साहेबांनी हिशोब मांडला आणि गच्चीच्या दक्षिणेचा कोपरा आपल्यासाठी मागितला. मग बप्पांनाही दक्षिणच हवी होती. मग गाळेवाला म्हणाला, माझ्याही टक्क्यात गच्ची येते की. आठ मालकांची गच्ची, त्यात चार टाक्या, एक शेड, डिशच्या छत्र्या आणि वाळवणाची जागा. ऊन मात्र सगळ्यांना दक्षिणेकडचंच पाहिजे. ज्या खिडकीतून वीस वर्षं अखंड उजेड आला त्या उजेडावर हक्क सांगता येतो, असं 1882 चा सुविधाधिकार कायदा म्हणतो, हे गुरुजींना कुठूनसं कळलं आहे. पॅनेलची सावली त्यांच्या जिन्याच्या खिडकीवर पडेल का, याचा ते रोज दुपारी बारा ते चार अभ्यास करतात.

साहेबांनी संमतीचा कागद तयार केला. आठ सह्या हव्यात. एक मालक पुण्याला असतो, त्यानं व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवला आणि तो अंगठा कायद्यात धरायचा की नाही यावर दोन मतं आहेत. एका फ्लॅटचा मालक वारला आणि चार वारसांची नावं अजून लागलेली नाहीत, त्यामुळे तिथल्या एका सहीच्या जागी चार सह्या आणि एक भांडण आलं आहे. गाळेवाला म्हणाला, सही देतो, पण शटरचं कुणी काढायचं नाही. बप्पा म्हणाले, सही देतो, पण शेड राहील. गुरुजी म्हणाले, आधी सावलीचं बघू. कागद माझ्यापर्यंत आला तेव्हा मी चष्मा लावून सगळा वाचून काढला, आणि विचारलं, की कडप्प्याच्या ओट्याचा यात कुठे उल्लेख आहे का. साहेब म्हणाले, नाही. मग मी सही केली.

पुढची बैठक मंगळवारी ठेवली आहे, गच्चीवरच. गाळेवाला खाली बोलावत होता, पण पार्किंगमध्ये बसलं तर ती जागा त्याची आहे असं मान्य केल्यासारखं होईल, म्हणून साहेबांनी नको म्हटलं.